स्मृती शाबूत, माणूस मात्र हरवलेला

पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ. नोकरीत चोख, घरात शांत, पैशाच्या बाबतीत काटेकोर. हळूहळू त्याच्या वागण्यात काहीतरी बिनसू लागते. पाहुण्यांसमोर तो नको ते बोलून जातो. नात्यातल्या मयताच्या प्रसंगी हसतो. पत्नी आजारी पडली तरी तिची साधी विचारपूस करीत नाही. गोड पदार्थांवर तुटून पडतो आणि कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोठी रक्कम गुंतवून मोकळा होतो. स्मरणशक्ती म्हणाल तर उत्तम! काल जेवणात कोणती भाजी होती, मुलांचे वाढदिवस केव्हा, बाजारातून घरी येण्याचा रस्ता कोणता, सारे बिनचूक ठाऊक. मग घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. कचेरीतले म्हणतात, डोके फिरले. शेजारीपाजारी म्हणतात, म्हातारचळ लागला, तोही वयाच्या आधीच.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी अशी कहाणी सांगणारी कुटुंबे जगभरच्या मेंदूविकारतज्ज्ञांना परिचित आहेत. या माणसाचा स्वभाव बिघडलेला नसतो, मेंदू झिजत असतो. या विकाराचे नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. डिमेन्शियासाठी आपल्याकडे 'स्मृतिभ्रंश' हा शब्द रूढ आहे आणि नेमका तोच शब्द येथे दिशाभूल करतो. कारण या विकारात सुरुवातीला स्मृती जात नाही. जाते ती माणुसकीची जाण, किंवा भाषा. विस्मरण दिसत नाही म्हणून डिमेन्शियाची शंका येत नाही, आणि शंका येत नाही म्हणून निदान कित्येक वर्षे लांबते. दोष मात्र रुग्णाच्या चारित्र्याला दिला जातो. हा दोष चारित्र्याचा नसून पेशींतील प्रथिनांचा आहे, हे सिद्ध करण्यात वैद्यकशास्त्राची सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

विकार नेमका कोणता?

मेंदूचा कपाळामागील भाग म्हणजे ललाट खंड आणि कानशिलांच्या आतील भाग म्हणजे शंख खंड. पोच, संयम, नियोजन, दुसऱ्याच्या भावनांची जाणीव या गोष्टी मुख्यतः ललाट खंडाशी निगडित आहेत. शब्दांचे अर्थ आणि ओळखी यांचे भांडार शंख खंडाशी निगडित आहे. या दोन खंडांतील पेशी क्रमाक्रमाने नष्ट होत जाणाऱ्या विकारांचा समूह म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. अल्झायमरमध्ये ऱ्हासाची सुरुवात बहुधा स्मृतीशी संबंधित हिपोकॅम्पस व त्याच्या परिसरात होते. येथे तो भाग आरंभी बराचसा सुरक्षित राहतो. दोन्ही विकारांच्या लक्षणांत फरक पडतो तो यामुळेच.

या समूहात तीन मुख्य प्रकार मानले जातात. पहिला वर्तनाचा, ज्याचे वर्णन आरंभी आले. दुसरा शब्दार्थ हरपण्याचा. यातील रुग्ण अस्खलित बोलतो, पण बोलता बोलता थांबून विचारतो, 'विळी? विळी म्हणजे काय?' शब्द विसरणे आणि त्या शब्दामागची वस्तूच मनातून पुसली जाणे, यांतला फरक या प्रश्नात दिसतो. तिसऱ्या प्रकारात अर्थ कळतो, पण उच्चार अडखळतो, वाक्याची व्याकरणिक घडी मोडते आणि बोलणे तुटक होत जाते.

लक्षणे बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतात. म्हणजे घरातील कर्ता माणूस कमावता असतानाच, मुलांची शिक्षणे व्हायची असतानाच हा आजार घरात शिरतो. लक्षणे सुरू झाल्यापासून आयुर्मर्यादा सरासरी सहा ते आठ वर्षांची असते. मात्र व्यक्तीगणिक हा काळ बराच कमीअधिक होतो.

प्राग, १८९२

या संशोधनाची सुरुवात प्राग येथील जर्मन विद्यापीठातील प्राध्यापक अर्नोल्ड पिक (१८५१-१९२४) यांच्यापासून होते. १८९२ साली त्यांनी ७१ वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या रुग्णाची वाचा आणि आकलन उत्तरोत्तर खालावत गेले होते. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूचा डावा शंख खंड विशेषत्वाने आक्रसलेला आढळला. वृद्धापकाळातील बुद्धिनाश म्हणजे साऱ्या मेंदूची सरसकट झीज, असा त्या काळी समज होता. झीज एकाच भागापुरती असू शकते आणि त्या भागानुसार लक्षणे ठरतात, हा पिक यांचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा ठरला.

पिक यांनी पाहिला तो डोळ्यांना दिसणारा ऱ्हास. सूक्ष्मदर्शकाखालील पुरावा १९११ साली आलॉइस अल्झायमर यांनी दिला. ज्यांच्या नावाने दुसरा आजार जगप्रसिद्ध झाला, तेच हे संशोधक! अशा रुग्णांच्या चेतापेशींत चांदीच्या क्षारांनी रंगणारे गोल कण त्यांना आढळले. हेच पुढे 'पिक बॉडीज' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १९२० च्या दशकात 'पिकचा आजार' हे नाव रूढ झाले.

त्यानंतर मात्र अनेक दशके या विषयाकडे फारसे कोणी वळले नाही. जिवंत रुग्णात हा आजार ओळखणे कठीण आणि तो अतिदुर्मीळ, अशी समजूत पाठ्यपुस्तकांत पक्की झाली होती. १९८२ साली अमेरिकेतील मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची इतर बुद्धी टिकून असताना केवळ भाषा वर्षानुवर्षे ढासळत गेली होती. त्याच सुमारास स्वीडनमधील लुंड व इंग्लंडमधील मँचेस्टर येथील गट स्वतंत्रपणे वर्तनबदलाच्या रुग्णांचा अभ्यास करीत होते. १९९४ साली या दोन गटांनी मिळून निदानाचे निकष जाहीर केले आणि हा आजार ओळखण्याची एक सर्वमान्य चौकट प्रथमच हाती आली.

एकाच गुणसूत्रावरील दोन गुपिते

सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात असा किंवा याच्याशी निगडित आजार पूर्वी कोणाला तरी झालेला आढळतो. अशा कुटुंबांच्या अभ्यासातून दोष सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे १९९० च्या दशकात लक्षात आले. १९९८ साली 'टाऊ' या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला. टाऊचे काम चेतापेशीच्या आतील वाहतुकीच्या सूक्ष्म नलिकांना स्थिर ठेवण्याचे. ते बिघडले की त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी मरतात.

कोडे सुटले, असे वाटले; पण ते अर्धेच सुटले होते. काही कुटुंबांत दोष सतराव्या गुणसूत्रावरच दिसत होता, तरी त्यांच्या टाऊ जनुकात काहीही वावगे नव्हते आणि मेंदूत टाऊच्या गुठळ्याही नव्हत्या. आठ वर्षे संशोधक चकरावून गेले. अखेर २००६ साली उलगडा झाला. टाऊच्या जनुकापासून डीएनएच्या अवघ्या १७ लाख अक्षरांच्या अंतरावर 'प्रोग्रॅन्युलिन' नावाचे दुसरेच जनुक होते आणि या कुटुंबांत बिघाड तेथे होता. एकाच आजाराची दोन वेगवेगळी कारणे एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी असावीत, हा निव्वळ योगायोग होता! प्रोग्रॅन्युलिनच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की शरीरातील त्या प्रथिनाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते आणि कालांतराने आजार उद्भवतो.

तिसरा मोठा शोध २०११ सालचा. नवव्या गुणसूत्रावरील 'सी९ओआरएफ७२' या जनुकात डीएनएच्या सहा अक्षरांचा एक तुकडा असतो. निरोगी माणसात तो थोड्याच वेळा पुनरावृत्त होतो. या रुग्णांत मात्र शेकडो, कधी हजारो वेळा. अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथील रोझा राडेमाकर्स आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ब्रायन ट्रेनर यांच्या गटांनी हा शोध एकाच वेळी जाहीर केला. उल्लेखनीय बाब म्हणजे हाच दोष मोटर न्यूरॉन विकाराचेही एक प्रमुख आनुवंशिक कारण निघाला. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे सर्वपरिचित झालेला हा स्नायू लुळे करणारा विकार आणि स्वभाव पालटणारा डिमेन्शिया, हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत, हे यातून सिद्ध झाले. एकाच घरात एका भावाला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा विकार होऊ शकतो, किंवा एकाच व्यक्तीत दोन्ही दिसू शकतात.

प्रथिनांची चुकलेली घडी

ज्या रुग्णांत टाऊ नाही, त्यांच्या पेशींत साचते तरी काय? याचे उत्तरही २००६ सालीच मिळाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हर्जिनिया ली व जॉन ट्रोजानोव्स्की यांच्या गटाने 'टीडीपी-४३' हे प्रथिन ओळखले. पेशीकेंद्रात राहून आरएनएची व्यवस्था पाहणारे हे प्रथिन आजारात केंद्र सोडून बाहेर येते आणि तेथे गोळा होते. आज असे मानले जाते की, साधारण निम्म्या रुग्णांत टीडीपी-४३ आणि त्याखालोखाल टाऊ हे मुख्य गुन्हेगार असतात. उरलेल्या थोड्या रुग्णांत तिसराच प्रथिनगट आढळतो.

अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुढे या गुठळ्यांतील एकेका धाग्याची रचना दाखवली. केंब्रिज येथील मिशेल गोडेर्ट व श्योर्स शेरेस यांच्या गटाने २०१८ साली पिकच्या आजारातील टाऊ धाग्याची घडी अल्झायमरमधील घडीपेक्षा वेगळी असल्याचे दाखवून दिले. प्रथिन तेच, पण घडी निराळी आणि आजारही निराळा. २०२३ च्या अखेरीस केंब्रिजमधूनच आणखी एक धक्का मिळाला. तिसऱ्या प्रथिनगटात 'एफयूएस' हे प्रथिन साचते, असे २००९ पासून मानले जात होते. तपासलेल्या रुग्णांच्या मेंदूतील धागे प्रत्यक्षात 'टीएएफ१५' या त्याच्या भावंडाचे निघाले.

हे तपशील केवळ प्रयोगशाळेपुरते नाहीत. बाहेरून सारखीच लक्षणे असलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूत दोन भिन्न प्रथिने साचलेली असू शकतात. एकाला लागू पडणारे भावी औषध दुसऱ्याला निरुपयोगी ठरणार. या विकारावरील औषधशोध इतका बिकट का, याचे एक उत्तर येथे आहे.

सहानुभूतीच्या पेशी आणि रंगांचे कोडे

सहानुभूती नाहीशी का होते, याचा धागा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील विल्यम सीली व सहकाऱ्यांनी २००६ साली मांडला. मेंदूच्या पुढील भागात दोन ठिकाणी लांबट, तर्कूच्या आकाराच्या 'फॉन इकोनोमो' चेतापेशी आढळतात. मनुष्याखेरीज मोठे कपी, देवमासे, हत्ती अशा मोजक्या प्राण्यांत त्या प्रथम वर्णिल्या गेल्या. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात या पेशींची विशेष हानी झालेली दिसली, अल्झायमरमध्ये तशी दिसली नाही. सामाजिक भावनांशी या पेशींचा संबंध असावा, हे अनुमान त्यातून बळावले.

याच केंद्रातील ब्रूस मिलर यांनी १९९० च्या दशकात एक विलक्षण निरीक्षण नोंदवले होते. भाषा हरपत असताना काही थोड्या रुग्णांत चित्रकलेची ओढ अकस्मात जागी होते! कॅनडातील शास्त्रज्ञ अॅन अॅडम्स यांचे उदाहरण यात प्रसिद्ध आहे. त्यांनी १९९४ साली मॉरिस रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या 'बोलेरो' या रचनेचे रंगरेषांत रूपांतर करणारे चित्र काढले. वाचा अडखळू लागली ती त्यानंतर काही वर्षांनी. २००७ साली त्यांचे निधन झाले. खुद्द रॅव्हेल यांनाही उतारवयात भाषा हरपवणारा मेंदूविकार झाला होता. तो नेमका कोणता, यावर आजही मतभेद आहेत.

सामान्य वाचकांपर्यंत या विकाराचे नाव पोचले ते हॉलीवूड अभिनेते ब्रूस विलिस यांच्यामुळे. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या कुटुंबाने त्यांना वाचाविकार झाल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे निदान सांगितले. तेव्हा त्यांचे वय ६७ होते.

भारतीय संशोधकांचे योगदान

हा विकार 'अतिदुर्मीळ' नाही, हे आकड्यांनी दाखवण्यात एका भारतीय मेंदूविकारतज्ज्ञाचा वाटा आहे. एल्लाजोस्युला रत्नावली यांनी केंब्रिज येथील सहकाऱ्यांसमवेत केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. केंब्रिज परिसरात ४५ ते ६४ या वयोगटात दर लाख लोकांमागे १५ जणांना हा विकार असल्याचे त्यात आढळले. त्या वयोगटातील अल्झायमरचे प्रमाणही नेमके तेवढेच निघाले.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात हा फरक सहा वर्षांचा होता. निरक्षर रुग्णांतही फरक दिसला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. २०१७ सालच्या पुढील अभ्यासात हा लाभ वर्तनाच्या प्रकारात दिसला, भाषेच्या प्रकारांत नाही. अनेक भाषा येणे हे कवच नव्हे. फार तर आजाराची चाहूल लांबवणारे बळ म्हणता येईल.

भाषेचा प्रश्न निदानातही येतो. शब्दार्थ हरपलेल्या इंग्रजीभाषक रुग्णाला अनियमित स्पेलिंगचे शब्द वाचायला दिले की तो अक्षरांबरहुकूम चुकीचा उच्चार करतो आणि आजार उघडा पडतो. देवनागरीत बहुतांशी लिहिले तसेच वाचले जात असल्याने ही युक्ती मराठी रुग्णाच्या बाबतीत फारशी उपयोगी नाही. म्हणून चाचण्या परक्या भाषेतून उचलून चालत नाही, त्या आपल्या भाषेतच घडवाव्या लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याच हेतूने एक चाचणीसंच तयार करवून घेतला. २०२० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषा होत्या, मराठी नव्हती.

आणखी एक उणीव मोजणीची. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. हा आकडा मोलाचा आहे. पण ज्या आजाराची सुरुवातच अनेकदा साठीच्या आत होते, त्याचे कित्येक रुग्ण या गणतीबाहेर राहतात.

प्रथिनांची खात्रीशीर ओळख आजही बहुतांशी मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होते. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूऊतींची पेढी आहे, ती यासाठीच महत्त्वाची.

उपचार : हाती काय आहे?

हा विकार थांबवणारे किंवा बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. अल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिल वर्गातील औषधे येथे उपयोगी पडत नाहीत, काही रुग्णांत तर चिडचिड व अस्वस्थता वाढवतात. मेमँटिनचाही लाभ २०१३ सालच्या चाचणीत दिसला नाही. योग्य निदान म्हणूनच महत्त्वाचे आहे. वर्तनाच्या त्रासावर नैराश्यविरोधी गटातील काही औषधांनी आराम पडू शकतो. ती देणे सर्वस्वी डॉक्टरांच्या अखत्यारीतले आहे.

लॅटोझिनेमॅब या औषधाकडे जगातील अनेक कुटुंबे आशेने पाहत होती. प्रोग्रॅन्युलिनचे प्रमाण वाढवणे हे त्याचे काम. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचा निकाल आला. प्रथिनाचे प्रमाण वाढले, पण आजाराची गती मंदावली नाही. निरोगी जनुकाची प्रत विषाणूच्या वाहकामार्फत मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या जनुकोपचाराच्या प्राथमिक चाचण्याही हाती घेण्यात आल्या आहेत.

औषध उशिरा दिले जाते, हे अपयशाचे एक कारण असू शकेल काय? युरोप व कॅनडातील केंद्रांनी चालवलेल्या 'जेनफी' या प्रकल्पाने २०१५ साली दाखवले की, सदोष जनुक असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत लक्षणांच्या अपेक्षित आरंभापूर्वी सुमारे दहा वर्षे आधीच बदल दिसू लागतात. रक्तातील 'न्यूरोफिलामेंट लाइट' या घटकाची वाढ चेतापेशींच्या हानीची सूचना देते आणि मानसिक आजार व हा विकार यांत फरक करण्यास मदत करते. भावी उपचार लक्षणांपूर्वीच सुरू करावे लागतील, असा या संशोधनाचा रोख आहे.

कोणती लक्षणे पाहावीत?

वर्तनाच्या प्रकारासाठी २०११ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत सहा बाबी आहेत. त्यांपैकी तीन सातत्याने दिसत असतील आणि वर्तन वा आकलन उत्तरोत्तर ढासळत असेल, तर या विकाराची शक्यता धरली जाते.

• संयम सुटणे : अनुचित बोलणे, अविचारी खर्च, परक्यांशी अवाजवी सलगी
• औदासीन्य : काम, छंद, घर कशातच रस न राहणे
• सहानुभूती आटणे : जवळच्यांच्या दुःखाची दखल न घेणे
• तीच ती कृती : ठराविक हालचाल, वाक्य वा नियम यांचा हट्ट
• खाण्यात बदल : गोडाची हाव, अतिखाणे, अखाद्य वस्तू तोंडात घालणे
• नियोजन ढासळणे : स्मृती तुलनेने बरी असूनही कामाचा क्रम न जुळणे

अशी लक्षणे वयाच्या चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने दिसली, तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांचाही सल्ला घ्यावा. एमआरआय, गरजेप्रमाणे पेट स्कॅन, तसेच थायरॉईड व बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या करून अन्य कारणे प्रथम वगळली जातात. डॉक्टरांना रुग्णापेक्षा घरच्यांनी सांगितलेली हकिगत अधिक उपयोगी पडते, कारण रुग्णाला स्वतःत काही बदल झाला आहे, हे बहुधा उमगतच नाही. निदान झाल्यावर बँकेचे व्यवहार, वाहन चालवणे आणि कायदेशीर कागदपत्रे यांची व्यवस्था लवकर लावावी. घराण्यात असे रुग्ण असल्यास जनुकतपासणीपूर्वी समुपदेशन घ्यावे. वर उल्लेखिलेल्या जनुकांतील दोष आई वा वडिलांकडून अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि ते जाणून घ्यायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

उपचार नाही, तर निदान कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर घरात आहे. निदान नसेल, तर पत्नी वर्षानुवर्षे 'हे असे का वागतात, माझे काय चुकले' या प्रश्नात अडकून राहते, मुले वडिलांशी बोलणे टाकतात, कचेरी शिस्तभंगाची नोटीस हाती ठेवते. आजाराला नाव मिळाले की हा माणूस आपल्याला दुखावत नसून तो स्वतःच आतून हरवत चालला आहे, हे घराला कळते. राग ओसरतो, आणि त्या जागी काळजी घेण्याची शक्ती येते. पुढच्या वेळी कोणाला म्हातारचळ लागला, असे म्हणण्यापूर्वी एकदा डॉक्टरांचे दार ठोठावावे, इतके तरी या सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने आपल्याला निश्चित शिकवले आहे.